क्रॉनमधून चालवलं की फाइल मिळत नाही: रिलेटिव्ह पाथ नेमका कुठून मोजतात?

संत्रानगरी | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट आहे. कळमना बाजारातले संत्र्याचे रोजचे भाव एका सीएसव्हीत भरलेले असतात. स्क्रिप्ट ते वाचते, आठवड्याची सरासरी काढते आणि एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये टाकते. मांडणी अशी:

/होम/भाव/प्रकल्प/मुख्य.पाय
/होम/भाव/प्रकल्प/डेटा/संत्री.सीएसव्ही
/होम/भाव/प्रकल्प/डेटा/नोंदी.डीबी

कोडमध्ये ओपन("डेटा/संत्री.सीएसव्ही") इतकंच लिहिलं आहे. प्रकल्पच्या फोल्डरमध्ये जाऊन चालवली की व्यवस्थित चालते. तीच क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) लावली की 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही', एरर क्रमांक २. फाइल जागेवर आहे, परवानग्या ठीक आहेत, क्रॉनटॅबही (क्रॉनच्या कामांची यादी) त्याच युजरचा आहे. मग मिळून काहून नाही राहिली?

दोन प्रश्न. रिलेटिव्ह पाथ, म्हणजे '/' ने सुरू न होणारा अर्धा पत्ता, कुठून मोजला जातो? आणि कोडमध्ये सरळ पूर्ण पाथ लिहून टाकला तर काय बिघडतं?

(कमांड आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना नेहमीसारखी.)

प्रतापनगरचा | रात्री ९:२०

ओपनच्या आधी एक ओळ टाका: प्रिंट(ओएस.गेटसीडब्ल्यूडी()). स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमध्ये उभी राहून चालते ते त्याने छापलं जातं. क्रॉनचा आउटपुट एखाद्या लॉग फाइलमध्ये वळवा आणि काय छापलं ते इथे सांगा. लॉग फाइलचा पाथ मात्र पूर्ण लिहा.

सदरकर | रात्री ९:४५

उत्तर काय येणार ते आत्ताच सांगता येतं: /होम/भाव. क्रॉन प्रत्येक काम त्या युजरच्या होम डिरेक्टरीत उभं राहून सुरू करतो. म्हणजे तुमचं "डेटा/संत्री.सीएसव्ही" तिथे /होम/भाव/डेटा/संत्री.सीएसव्ही होतं, आणि त्या जागी खरंच काही नाही. एरर खरी आहे, आपण समजतो ती जागा वेगळी आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक चालू प्रोसेसला एक 'करंट वर्किंग डिरेक्टरी' जोडून ठेवते. पाथ '/' ने सुरू झाला तर शोध मुळापासून, नाहीतर या डिरेक्टरीपासून. तुमची .पाय फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे हे कर्नेलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) ठाऊकही नसतं. त्याच्या दृष्टीने चालू असलेला प्रोग्राम म्हणजे पायथॉनचा इंटरप्रिटर, तुमची स्क्रिप्ट ही त्याने वाचलेली आणखी एक फाइल.

करंट डिरेक्टरी प्रोसेसला आपल्या जन्मदात्या प्रोसेसकडून मिळते. म्हणून चालवणारा बदलला की ती बदलते:

टर्मिनल: तुम्ही जिथे उभे आहात तिथे.
क्रॉन: युजरचं होम.
सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सिस्टीम सर्व्हिस: '/', म्हणजे थेट मूळ. युनिट फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरी= दिलं की ते. युजर सर्व्हिस असेल तर होम.
विंडोजचा टास्क शेड्यूलर: 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडला तर विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये.
व्हीएस कोड: सहसा उघडलेल्या वर्कस्पेसचं मूळ फोल्डर, स्क्रिप्ट आतल्या फोल्डरमध्ये असली तरी.
पायचार्म: रन कॉन्फिगरेशन हलवलं नसेल तर स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर.
ज्युपिटर: नोटबुकचं फोल्डर.

पायचार्ममध्ये चालून राहिलेली गोष्ट व्हीएस कोडमध्ये बंद पडते, त्याचं कारण बहुतेक वेळा या यादीतच सापडतं.

धरमपेठी | रात्री ९:५८

नागपूरकराला हे पटकन कळावं. 'व्हरायटी चौकातून डावीकडे' हा पत्ता अर्धाच आहे. सदरकडून येणाऱ्याचं डावं आणि महाराजबागेकडून येणाऱ्याचं डावं वेगळं. झिरो माइलच्या खांबावर गावांची अंतरं कोरली आहेत ती सगळी त्या खांबापासून मोजलेली, वाचणारा कुठून आला याच्याशी त्यांचा संबंध नाही. पहिला रिलेटिव्ह, दुसरा अॅब्सोल्यूट.

कोराडी_रोड | रात्री १०:१५

मग सोपं आहे ना भाऊ. सगळीकडे पूर्ण पाथ लिहा, विषय संपला. /होम/भाव/प्रकल्प/डेटा/संत्री.सीएसव्ही. एक स्क्रिप्ट, एक मशीन. त्यासाठी लायब्ररी कशाला?

मानेवाडा_रिंगरोड | रात्री १०:३१

@कोराडी_रोड, याला विरोध आहे. तो पाथ कोडमध्ये कोरला की कोड त्या मशीनला बांधला गेला. दुसऱ्याने गिटवरून उतरवला तर त्याच्याकडे 'भाव' नावाचा युजर नाही. मॅकवर होम '/यूजर्स' खाली असतं, विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर येतं, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणारं साधन) बहुधा '/अॅप'. टेस्ट चालवायची तर खऱ्या डेटावरच चालणार, कारण पाथ बदलायला जागाच ठेवली नाही.

पाथ अॅब्सोल्यूट असावा हे मान्य. तो हाताने लिहू नये, प्रोग्रामने सुरू होताना स्वतः तयार करावा, एवढंच म्हणणं आहे. पायथॉनमध्ये:

मूळ = पाथ(\_\_फाइल\_\_).रिझॉल्व्ह().पेरेंट
भाव_फाइल = मूळ / "डेटा" / "संत्री.सीएसव्ही"

\_\_फाइल\_\_ म्हणजे ही ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिचा पाथ. रिझॉल्व्ह त्याला पूर्ण करतो आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइल किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) असेल तर खऱ्या फाइलपर्यंत नेतो. पेरेंट म्हणजे तिचं फोल्डर. पाथलिब पायथॉन ३.४ पासून सोबतच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही. जँगोच्या सेटिंग्जमधलं 'बेस डिर' याच पद्धतीचं आहे, फक्त तिथे पेरेंट दोनदा, कारण सेटिंग्जची फाइल एक पायरी आत असते.

दोन गोष्टी जपा. पायथॉन ३.९ च्या आधी मुख्य स्क्रिप्टचं \_\_फाइल\_\_ जसं टंकलं तसंच, म्हणजे रिलेटिव्हही असू शकतं. मध्येच कोणी सीएचडिर केलं, म्हणजे करंट डिरेक्टरी बदलली, आणि मग रिझॉल्व्ह केलं तर उत्तर चुकतं. म्हणून ही ओळ फाइलच्या अगदी वर लिहा. दुसरं, ज्युपिटरमध्ये \_\_फाइल\_\_ नसतंच, नेमएरर येते. तिथे पाथ.सीडब्ल्यूडी() वरूनच सुरुवात करावी लागते.

संत्रानगरी | रात्री १०:५०

@प्रतापनगरचा, @सदरकर, लॉगमध्ये खरंच /होम/भाव छापलं आहे. मानेवाडा यांनी सांगितल्याप्रमाणे वाचायची फाइल मिळायला लागली, आभार.

पण आता पुढची एरर: 'नोंदी नावाचं टेबल नाही'. टेबल आहे! डीबी ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. कनेक्ट("डेटा/नोंदी.डीबी") असं होतं, तिथे फोल्डर नाही म्हणून उघडेना. मग क्रॉनच्या ओळीत डेटाबेसचं नाव आर्ग्युमेंट म्हणून दिलं: 'नोंदी.डीबी'.

सदरकर | रात्री ११:०४

/होम/भाव मध्ये यादी पाहा. तिथे शून्य बाइटची नवी नोंदी.डीबी बसलेली असेल.

एसक्यूलाइटला दिलेल्या जागी फाइल नसली तर तो तक्रार करत नाही, नवी रिकामी तयार करतो. रिकाम्यात टेबल कुठून असणार? म्हणून एरर टेबलची येते आणि सगळे स्कीमा (टेबलांची रचना) तपासत बसतात. उपाय: पाथ पूर्ण द्या, आणि यूआरआयच्या रूपात मोड=आरडब्ल्यू (वाचा-लिहा, पण नवी फाइल बनवू नका) लावा (कनेक्टमध्ये यूआरआय=ट्रू द्यावं लागतं). मग फाइल नसेल तर तो उघडायलाच नकार देतो आणि चूक जागच्या जागी दिसते.

वाचणं आणि लिहिणं यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे. चुकीच्या पाथवरून वाचायला गेलं की आरडाओरडा होतो. चुकीच्या पाथवर लिहायला गेलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही, फाइल मुकाट्याने भलत्या फोल्डरमध्ये तयार होते. लॉग, बॅकअप, एक्सपोर्ट हे सगळं होम डिरेक्टरीत साचत राहतं आणि खऱ्या फोल्डरमध्ये जुनी फाइल तशीच पडून असते. म्हणून लिहिण्याच्या पाथची काळजी वाचण्याच्या दुप्पट घ्या.

वर्धा_रोड | रात्री ११:२०

+१. शून्य बाइटची फाइल पुसायला विसरू नका, पुढच्या वेळी तीच पुन्हा उघडेल.

कोराडी_रोड | रात्री ११:३२

बरं, पूर्ण पाथ कोरण्याचं माझं म्हणणं मागे घेतो. पण मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएस.सीएचडिर(मूळ) एकदा केलं की संपलं ना? पुढचे सगळे जुने रिलेटिव्ह पाथ तसेच चालतील.

मानेवाडा_रिंगरोड | मंगळवार, सकाळी ७:५०

एकट्या, छोट्या स्क्रिप्टमध्ये चालतं. शेल स्क्रिप्टमध्ये तर पहिली ओळ म्हणून ते रूढच आहे: सीडी "$(डिरनेम "$०")" आणि पुढे '|| एक्झिट १', म्हणजे सीडी फसली तर बाकीचं भलत्या फोल्डरमध्ये चालू नये. खाली आरएम (फाइल पुसणारी कमांड) असेल तर ही शेपटी जीव वाचवते. अवतरणचिन्हं दोन्हीकडे हवीत, फोल्डरच्या नावात स्पेस असली की त्यांच्यावाचून तुकडे पडतात.

पण दोन ठिकाणी करू नका. एक, लायब्ररीत किंवा थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) वापरणाऱ्या सर्व्हरमध्ये. करंट डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची एकच असते. एका थ्रेडने बदलली की बाकीच्यांच्या पायाखालची जमीन सरकते, आणि ही चूक दहातून एखाद्याच वेळी दिसते. दोन, युजरने कमांड लाइनवर फाइलचं नाव दिलं असेल तेव्हा. तो डाउनलोड्समध्ये उभा राहून 'मुख्य.पाय आजचे.सीएसव्ही' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात डाउनलोड्समधली फाइल असते. तुम्ही आधीच सीएचडिर केलं तर त्याची फाइल प्रकल्पच्या फोल्डरमध्ये शोधाल.

सदरकर | सकाळी ८:१५

मानेवाडा यांचा दुसरा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यांत कामाचा वाटतो. रिलेटिव्ह पाथ दिसला की आधी विचारावं: हा पाथ कोणी लिहिला?

युजरने कमांड लाइनवर लिहिला असेल तर तो करंट डिरेक्टरीपासून मोजायचा. प्रोग्रामरने कोडमध्ये लिहिला असेल, सोबतचा टेम्पलेट किंवा यादी, तर कोडच्या फाइलपासून. कॉन्फिग फाइलमध्ये कोणी लिहिला असेल तर त्या कॉन्फिग फाइलच्या फोल्डरपासून, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच फोल्डर होतं. डॉकर कंपोज हेच करतो, त्याच्या फाइलमधले रिलेटिव्ह पाथ त्या फाइलच्या जागेपासून धरले जातात.

आणि हे मोजणं प्रोग्रामच्या उंबरठ्यावर एकदाच करा. आत सगळीकडे पूर्ण पाथच फिरू द्या. खोलवरच्या एखाद्या फंक्शनला "डेटा/..." मिळालं तर ते कोणाचं, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

जरीपटका_जेएस | सकाळी ९:०५

नोडवाल्यांसाठी (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे) भर. तिथे एकाच फाइलमध्ये दोन नियम नांदतात. रिक्वायर("./यादी") हा त्या कोडच्या फाइलपासून मोजतो. त्याच्या खालच्याच ओळीत एफएस.रीडफाइल("./यादी.जेसन") हा करंट डिरेक्टरीपासून. दोन्हींत './' सारखंच दिसतं, म्हणून घोळ होतो. फाइल वाचताना पाथ.जॉइन(\_\_डिरनेम, "यादी.जेसन") वापरा. ईएस मॉड्यूलमध्ये \_\_डिरनेम नसतं. इम्पोर्ट.मेटा.यूआरएल वरून काढावं लागायचं, नोड २०.११ पासून इम्पोर्ट.मेटा.डिरनेम मिळतं.

बुटीबोरी_सी | सकाळी ९:२२

सी मध्येही हेच. अवतरणातला इन्क्लूड आधी ती ओळ असलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये शोधला जातो, एफओपन मात्र करंट डिरेक्टरीत. एक कंपाइल होताना, दुसरं चालताना.

जरीपटका_जेएस | सकाळी ९:३०

आणि जॉइन-रिझॉल्व्हचा फरक, कारण दोन्ही भाषांत काम करणारे इथे हमखास अडखळतात. नोडमध्ये पाथ.जॉइन("/अपलोड", "/चित्र") म्हणजे /अपलोड/चित्र. पाथ.रिझॉल्व्ह("/अपलोड", "/चित्र") म्हणजे नुसतं /चित्र. पायथॉनचा ओएस.पाथ.जॉइन नावाने जॉइन असला तरी वागतो नोडच्या रिझॉल्व्हसारखा: मध्ये '/' ने सुरू होणारा तुकडा आला की आधीचं सगळं टाकून देतो. पाथलिबच्या '/' चंही तसंच.

लकडगंज_सुरक्षा | सकाळी १०:१०

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. जॉइन(अपलोड_फोल्डर, युजरने_दिलेलं_नाव) असं लिहिलं आणि युजरने "/ईटीसी/पासडब्ल्यूडी" (सिस्टीमच्या युजरांची यादी असलेली फाइल) पाठवलं, तर तुमचं अपलोड फोल्डर पुसलं जाऊन तोच पाथ उरतो. "../../" पाठवलं तरी तो बाहेर पडतो.

नावातून '..' काढून टाकणं हा उपाय पुरत नाही. '....//' मधून '../' एकदा काढा, उरतं '../'. नीट पद्धत अशी: आधी जोडा, मग रिझॉल्व्ह करा, मग तपासा की उत्तर अपलोड फोल्डरच्या आतच आहे.

तपासणीतही खाच आहे. पाथला मजकूर समजून स्टार्ट्सविथ("/सेवा/अपलोड") केलं तर "/सेवा/अपलोड_जुने/गुपित" सुद्धा पास होतो. पायथॉन ३.९ पासून इझ_रिलेटिव्ह_टू आहे, तो तुकड्यातुकड्याने तुलना करतो. मात्र तो डिस्ककडे बघत नाही, '..' आणि सिमलिंक त्याला कळत नाहीत. म्हणून दोन्ही पाथ आधी रिझॉल्व्ह केलेले हवेत.

याहून कडक हवं असेल तर लिनक्स ५.६ पासून ओपनअॅट२ नावाचा सिस्टीम कॉल आहे. त्याला 'रिझॉल्व्ह बिनीथ' सांगितलं की कर्नेलच त्या फोल्डरबाहेर जाऊ देत नाही. तपासणी आणि उघडणं यांच्यामध्ये कोणी सिमलिंक बदलण्याची फटही त्याने बुजते.

धरमपेठी | सकाळी १०:४०

रिझॉल्व्ह, अॅब्सोल्यूट, अॅबस्पाथ, नॉर्मपाथ, रिअलपाथ. पाच नावं झाली. सगळी पूर्ण पाथच देतात ना?

सदरकर | सकाळी ११:२५

नाही, पाच नावांत चार वेगळे प्रकार आहेत, आणि नॉर्मपाथ तर पूर्णही करत नाही. फरक सिमलिंकमध्ये '..' आला की दिसतो. समजा:

/डेटा/चालू हा सिमलिंक आहे, तो /भांडार/२०२४/नोंदी कडे जातो.

आता /डेटा/चालू/.. म्हणजे कोणतं फोल्डर? कर्नेल आधी चालूमधून /भांडार/२०२४/नोंदी मध्ये जातो, मग एक पायरी वर चढतो: /भांडार/२०२४. नॉर्मपाथ डिस्ककडे न बघता अक्षरं खोडतो, 'चालू/..' कटतं, उरतं /डेटा. दोन वेगळी फोल्डर!

नॉर्मपाथ: फक्त अक्षरांची छाटणी.
अॅबस्पाथ: पुढे करंट डिरेक्टरी जोडून तीच छाटणी.
पाथलिबचा अॅब्सोल्यूट: करंट डिरेक्टरी जोडतो, '..' ला हात लावत नाही.
रिअलपाथ आणि पाथलिबचा रिझॉल्व्ह: प्रत्येक सिमलिंक खरोखर पार करून.

बॅशमध्येच करून बघा. सीडी /डेटा/चालू करा. आता 'एलएस ..' दिलंत तर /भांडार/२०२४ मधली यादी येते. 'सीडी ..' करून एलएस दिलंत तर /डेटा मधली. बॅश स्वतः आलेली वाट लक्षात ठेवतो, एलएस बिचारा कर्नेलला विचारतो. पीडब्ल्यूडी -पी दिलं की खरी जागा छापली जाते.

धरमपेठी | सकाळी ११:४०

बर्डी आणि सीताबर्डी एकच, पण बर्डीवरून 'मागच्या गल्लीत' म्हटलं की कोण कोणत्या बाजूने आला ते बघावं लागतं. कळलं. म्हणजे कायम रिझॉल्व्हच वापरायचा?

मानेवाडा_रिंगरोड | दुपारी १:०५

कायम नाही, इथे सदरकरांपेक्षा माझं मत थोडं वेगळं आहे. सिमलिंक काही वेळा मुद्दाम ठेवलेला असतो. पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला पायथॉन लिनक्सवर सहसा सिमलिंक असतो. तो रिझॉल्व्ह करून चालवला तर तुम्ही थेट सिस्टीमच्या पायथॉनवर पोचता आणि बसवलेली पॅकेजेस गायब. सर्व्हरवर 'चालू' नावाचा सिमलिंक नव्या आवृत्तीकडे वळवायची पद्धत असते, तिथे सुरुवातीला रिझॉल्व्ह करून ठेवलेला पाथ सिमलिंक फिरवल्यावरही जुन्याच आवृत्तीला चिकटून राहतो. ते कधी हवं असतं, कधी नको असतं.

माझा ठोकताळा असा: स्वतःच्या कोडचं फोल्डर शोधताना आणि सुरक्षा तपासताना रिझॉल्व्ह. युजरने दिलेला पाथ नुसता पूर्ण करायचा असेल तर अॅब्सोल्यूट, त्याचा सिमलिंक त्याचा त्याच्यापाशी राहू द्या.

सदरकर | दुपारी १:२०

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा मुद्दा पूर्ण मान्य.

वर्धा_रोड | दुपारी २:००

सिमलिंक निघालेच आहेत तर: रिलेटिव्ह सिमलिंक मोजला जातो तो सिमलिंक ज्या फोल्डरमध्ये बसतो तिथून, एलएन (दुवा बनवणारी कमांड) चालवताना तुम्ही जिथे उभे होता तिथून नव्हे. 'एलएन -एस डेटा/संत्री.सीएसव्ही दुवे/संत्री.सीएसव्ही' केलं तर तो दुवे/डेटा/संत्री.सीएसव्ही शोधतो आणि तुटका निघतो. एलएन तेव्हा गप्प राहतो, तपासतच नाही. जीएनयूच्या एलएनला -एसआर दिलं की तो हिशेब स्वतः करतो.

हिंगणा_विंडोज | दुपारी ३:३५

विंडोजवर प्रकार चार आहेत, दोन नाहीत.

सी:\अहवाल\मे.सीएसव्ही: पूर्ण.
अहवाल\मे.सीएसव्ही: करंट डिरेक्टरीपासून.
\अहवाल\मे.सीएसव्ही: चालू ड्राइव्हच्या मुळापासून. दिसतो पूर्ण, पण डी वर असाल तर डी धरतो.
सी:अहवाल\मे.सीएसव्ही: कोलनपुढे स्लॅश नाही. सी ड्राइव्हवर शेवटी जिथे होता तिथून. सगळ्यांत फसवा हाच.

पाथलिबला तिसऱ्या प्रकाराबद्दल विचारलं की तो पूर्ण आहे का, तर तो 'नाही' म्हणतो, आणि ते बरोबर आहे.

दुसरा त्रास बॅकस्लॅशचा. साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे छोटा एन आला की नवी ओळ आणि टी आला की टॅब होतो. म्हणून काही फोल्डर मिळतात आणि एन किंवा टी ने सुरू होणारी मिळत नाहीत. आर लावून रॉ स्ट्रिंग करा किंवा सरळ पुढचा स्लॅश '/' वापरा, विंडोजचे फाइल फंक्शन तो चालवून घेतात. आणि पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या वर गेला की जुने प्रोग्राम अडतात. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीत ही मर्यादा उठवता येते, पण प्रोग्रामनेही ते मानलेलं असावं लागतं.

त्रिमूर्तीनगर | दुपारी ४:१०

'~' राहिलं. ओपन("~/डेटा/संत्री.सीएसव्ही") चालत नाही. '~' उलगडतो तो शेल. कर्नेलला ते एक साधं अक्षर आहे, तो '~' नावाचं फोल्डर शोधतो. पायथॉनमध्ये एक्सपँडयूजर करावं लागतं. सिस्टमडीच्या युनिटमध्येही (नुसतं वर्किंगडिरेक्टरी=~ सोडलं तर) '~' ची आशा धरू नका, तिथे %एच आहे, पण सिस्टीम सर्व्हिसमध्ये त्याचा अर्थ रूटचं होम होतो, यूजर= काहीही लिहिलं असलं तरी.

वऱ्हाडी_युनिकोड | संध्याकाळी ६:४५

आपल्या लिपीत फोल्डरची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण इंग्रजी कागदपत्रांत ती कोणी लिहीत नाही.

'वऱ्हाड' हे नाव घ्या. त्यातला अर्धा र तीन प्रकारे टंकता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखे. लिनक्सचं कर्नेल मात्र नाव बाइट म्हणून बघतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, म्हणून पहिलं नाव १८ बाइटचं होतं, दुसरं आणि तिसरं २१ बाइटचं. एका कीबोर्डने फोल्डर बनवलं आणि दुसऱ्याने कोडमध्ये नाव टंकलं, तर पाथ अक्षरन् अक्षर जुळूनही 'अशी फाइल नाही'.

पहिलं आणि दुसरं रूप युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं), एनएफसी लावून, एक होतात. तिसरं होत नाही, युनिकोडच्या लेखी तो वेगळा मजकूर आहे. ते स्वतः बदलून घ्यावं लागतं. तपासायला एलएसचा आउटपुट एक्सएक्सडीमधून काढा, बाइट समोर येतात.

आणखी एक हिशेब: ईएक्सटी४ वर (लिनक्सची एक फाइल सिस्टीम) एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजीत २५५ अक्षरं, आपल्याकडे ८५ चिन्हं, त्यात काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. लांबलचक अहवालांची नावं जशीच्या तशी फाइलला देऊ नका.

बुटीबोरी_सी | संध्याकाळी ७:०५

हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

जरीपटका_जेएस | संध्याकाळी ७:३०

जोडून सांगतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही म्हणून तो त्रास वाचतो, पण रोमन नावांत विंडोज आणि मॅकवर सहसा लहान-मोठं एकच धरतात, लिनक्सवर वेगळं. लॅपटॉपवर चाललेलं सर्व्हरवर पडतं ते पुष्कळदा यामुळे. रिलेटिव्ह-अॅब्सोल्यूट बदलून काही फरक पडला नाही तर नावाची अक्षरं तपासा.

संत्रानगरी | रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शून्य बाइटची नोंदी.डीबी होममध्ये खरंच होती, पुसली. आता असं केलं आहे:

मूळ वरच्या ओळीत, पाथ(\_\_फाइल\_\_).रिझॉल्व्ह().पेरेंट. सीएसव्हीचा पाथ आर्ग्युमेंट म्हणून आला तर अॅब्सोल्यूट करून घेतो, नाही आला तर मूळ / "डेटा" / "संत्री.सीएसव्ही". डेटाबेस यूआरआय आणि मोड=आरडब्ल्यू लावून. स्क्रिप्ट सुरू होताना दोन्ही पूर्ण पाथ लॉगमध्ये छापते. क्रॉनच्या ओळीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ, स्क्रिप्टचा पूर्ण पाथ आणि लॉगचाही पूर्ण.

होममधून, '/' मधून आणि /टीएमपी मधून, तिन्ही ठिकाणी उभं राहून चालवून पाहिली. लॉगमध्ये तिन्ही वेळा तेच पाथ आले.

एकच राहिलं. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीसोबत मूळ पावतीच्या स्कॅनचा पाथ ठेवायचा आहे. तो पूर्ण ठेवू का?

मानेवाडा_रिंगरोड | रात्री ९:५२

तिथे रिलेटिव्हच ठेवा. "२०२४/०५/पावती_११२.जेपीजी" एवढंच डेटाबेसमध्ये, आणि पावत्यांचं मूळ फोल्डर कॉन्फिगमध्ये एकाच जागी. मशीन बदललं, डिस्क बदलली तरी एक ओळ बदलून भागतं. पूर्ण पाथ ठेवलात तर प्रत्येक नोंद दुरुस्त करावी लागेल. ठेवताना पुढचा स्लॅश '/' च वापरा, म्हणजे उद्या विंडोजवर उघडलं तरी वाचता येईल. आणि मूळ फोल्डर बदलाल तेव्हा फोल्डर खरंच आहे का हे स्क्रिप्ट सुरू होतानाच तपासा, पहिली पावती मागेपर्यंत थांबू नका.

संत्रानगरी | रात्री १०:०१

हो जी, आत्ताच करतो.